भूत खरे वाटते, घरचे खोटे वाटतात

कर्जत-खालापूर भागातल्या एका लहान वाचनालयात मी आठवड्यातून दोन संध्याकाळी पुस्तके देण्याघेण्याचे काम करतो. काम बिनपगारी आहे. मोबदला एवढाच, की नवी पुस्तके कपाटात जाण्याआधी मला घरी नेता येतात. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एक मुलगी पुस्तक परत करायला आली. वय तेवीस-चोवीस, खोपोलीकडच्या एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी. तिने परत केलेली कादंबरी मीही वाचली होती. घाटातला जुना बंगला, त्यात राहायला आलेली मुंबईची मुलगी आणि कित्येक वर्षांपूर्वी त्याच बंगल्यात मेलेला एक तरुण, असा तो मामला होता. मी थोडे वडीलकीच्या सुरात तिला म्हटले, की असली भुताटकी वाचण्यापेक्षा एखादी सरळ, आजच्या काळातली प्रेमकथा का वाचत नाहीस? आणि तशी एक काढून दिली. ती तिने तिसऱ्या दिवशी परत आणली.

"काका, यात शेवटी घरचे तयार होतात. ते खोटं वाटतं. त्यातलं भूत खरं वाटत होतं."

हा लेख त्या एका वाक्यामुळे लिहितो आहे. वाचनालयात सर्वांत जास्त हाताळली जाणारी आणि समीक्षेत सर्वांत कमी उल्लेखली जाणारी पुस्तके म्हणजे प्रेमकादंबऱ्या. त्यांच्याविषयी आपण एक तर हसतो किंवा गप्प बसतो. मी गेली काही वर्षे त्या मुद्दाम वाचल्या, नव्या वाचल्या आणि त्यांच्या पणज्या-खापरपणज्याही शोधून वाचल्या. त्या वाचनातून बनलेली मते येथे मांडतो. ती एका वाचकाची मते आहेत. पण त्यांच्यामागे मराठी कादंबरीचा जो इतिहास दिसला, तो मतांपुरता नाही.

आधी शब्दांचे पाहू. 'आजची प्रेमकादंबरी' म्हणजे जिची माणसे आपल्यासारखी नोकरी करतात, लोकलने जातात, मोबाइलवर भांडतात, आणि जिच्या शेवटी दोघे एकत्र येतात ती. 'गूढ-प्रेमकादंबरी' म्हणजे जिच्यात दोघांपैकी एक जण माणसांच्या नेहमीच्या जगातला नाही. तो भूत असेल, शापित असेल, पुनर्जन्म घेतलेला असेल, नाही तर दुसऱ्या काळातून आलेला असेल. भयकथेशी तिचे नाते आहे, पण तिचा प्रश्न 'वाचणार कोण?' हा नसतो. 'यांचे जमणार का?' हा असतो.

रिसबुडांची अडचण

गूढ-प्रेमकादंबरी ही इंग्रजीतून अलीकडे आलेली लाट आहे, असा समज आहे. स्टेफनी मायर यांची 'ट्वायलाइट' २००५ साली आली. तिच्यातल्या रक्तपिपासू पण सभ्य नायकाने जगभरच्या मुलींना वेड लावले, आणि त्यानंतर आपल्याकडे असले लेखन सुरू झाले, असे सांगितले जाते. वस्तुस्थिती उलटी आहे. मराठी कादंबरीची सुरुवातच जवळजवळ अद्भुतापासून झाली.

१८५७ साली बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' आली. तिचा विषय विधवांची स्थिती हा होता. पण वाचकांनी डोक्यावर घेतली ती त्यानंतरची परंपरा. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ साली निघाली आणि नारो सदाशिव रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ साली. राजपुत्र, राजकन्या, संकटांच्या मालिका आणि योगायोग, असा त्यांचा ऐवज. 'मंजुघोषे'त तर विमानही आहे. पुढच्या समीक्षकांनी या पुस्तकांना 'अद्भुतरम्य' हा शिक्का मारला आणि बाजूला ठेवले.

मला रिसबुडांच्या कादंबरीपेक्षा तिची प्रस्तावना मोलाची वाटते. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की आम्हा हिंदू लोकांत लग्नाची जी रीत आहे तिच्यामुळे आणि इतर कारणांमुळे आमच्या आयुष्यात सांगण्याजोगे असे काही घडत नाही. रोज अनुभवतो तेच लिहिले तर त्यात मन रमणार नाही. म्हणून करमणुकीचे पुस्तक लिहायचे तर अद्भुताकडे वळावेच लागते.

याकडे आपण लेखकाची सबब म्हणून पाहत आलो. मला तो मराठीतला प्रेमकादंबरीविषयीचा पहिला प्रामाणिक सिद्धांत वाटतो. मुलीचे लग्न आठव्या-नवव्या वर्षी, मुलाचे पंधराव्या-सोळाव्या वर्षी, ठरवणारे वडीलधारे. मग दोन तरुण माणसांनी एकमेकांना पाहावे, आवडावे, अडावे, झुरावे, याला जागाच कुठे होती? ती जागा मिळवायची तर समाजाच्या बाहेर, रानात, राजवाड्यात किंवा विमानात जावे लागे. प्रेम दाखवण्यासाठी अद्भुत हवे होते, कारण साध्या जगात प्रेमाला परवानगी नव्हती.

पुढे हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो?' लिहून कादंबरी जमिनीवर आणली. जमिनीवर आणल्याबरोबर तिच्यात काय दिसले? यमूचे वैधव्य आणि केशवपन. रिसबुड जे टाळत होते, ते आपट्यांनी समोर ठेवले. दोघे एकाच वस्तुस्थितीकडे पाहत होते. एकाने पाठ फिरवली, दुसऱ्याने तोंड दिले.

दोन कर्जती

आमच्या गावातल्या एका सभेत वक्त्याने मोठ्या अभिमानाने सांगितले होते, की मराठी प्रेमकादंबरीचे सम्राट ना. सी. फडके यांचा जन्म कर्जतचा. टाळ्या पडल्या. फडक्यांचा जन्म १८९४ साली कर्जतला झाला हे खरे, पण ते कर्जत नगर जिल्ह्यातले. आमचे कर्जत वेगळे. वक्त्याला कुणी टोकले नाही, मीही नाही.

फडक्यांचे मोठेपण असे, की प्रेमकथेसाठी लागणारी ती जागा त्यांनी अद्भुताशिवाय मिळवून दिली. तोवर काळ बदलला होता. मुली कॉलेजात जाऊ लागल्या होत्या, लग्नाचे वय वाढले होते, शहरात पडदा सैल झाला होता. 'जादूगार' आणि 'दौलत' यांतली माणसे एकमेकांशी बोलू शकतात, बरोबर हिंडू शकतात, रुसू शकतात. ती कशी गुंतवावीत आणि कशी सोडवावीत, याचे तंत्र त्यांनी 'प्रतिभासाधन'मध्ये समजावून सांगितले. आजची प्रेमकादंबरी लिहिणाऱ्या तरुण लेखिकेने हे पुस्तक वाचलेले नसेल, पण तिची मांडणी बहुधा त्याच घराण्यातली असते.

मात्र फडक्यांनी जागा मिळवून दिली तसा एक दोषही मागे ठेवला. त्यांच्या प्रेमिकांच्या मार्गातले अडथळे बहुधा गैरसमजाचे, तिसऱ्या माणसाचे किंवा योगायोगाचे असतात. ते सुटतात, कारण ते सुटण्यासारखेच असतात. जे अडथळे खरोखर सुटत नाहीत, ते दाराबाहेर राहतात. त्याच काळात 'विभावरी शिरूरकर' या नावाने 'कळ्यांचे निःश्वास' (१९३३) आणि 'हिंदोळ्यावर' (१९३४) ही पुस्तके आली. तेव्हा केवढे वादळ उठले, हे वाङ्मयेतिहासात नोंदलेले आहे. शिकलेल्या, मिळवत्या मुलीचे लग्न न होणे, नवऱ्याने टाकलेल्या बाईने दुसऱ्या पुरुषाबरोबर राहणे, असे ते विषय होते. फडक्यांच्या नायिकेला समाजाने हसून स्वीकारले. विभावरीबाईंना टोपणनाव घ्यावे लागले.

पंचवीस रुपये दंड

स्वस्त प्रेमकथेचे पुढचे मोठे नाव चंद्रकांत काकोडकर. त्यांची 'श्यामा' ही कथा 'रंभा' मासिकाच्या १९६२ सालच्या दिवाळी अंकात आली होती, म्हणजे हा अंक आहे तशाच एका अंकात. कवी निशिकांत आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या तीन स्त्रिया, असे तिचे कथानक. तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी धरून पंचवीस रुपये दंड केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६९ साली काकोडकर निर्दोष सुटले.

तो निकाल प्रेमकादंबरीच्या प्रत्येक टीकाकाराने वाचावा असा आहे. न्यायालयाच्या म्हणण्याचा सारांश हा, की कथेचा वाङ्मयीन दर्जा फार वरचा नसेल, लेखकाची अपरिपक्वताही तिच्यात दिसत असेल, पण सगळी कथा एकत्र वाचली तर ती वाचकाला बिघडवणारी नाही. म्हणजे 'वाईट लिहिले आहे' आणि 'वाईट आहे' ही दोन वेगळी विधाने आहेत. आपल्या घराघरांतून मुलींच्या हातातल्या पुस्तकांवर जी टीका होते, तिच्यात या दोहोंची सरमिसळ असते. त्याच १९६९ साली काकोडकरांच्या 'नीलांबरी'वर बेतलेला 'दो रास्ते' हा हिंदी चित्रपट आला आणि तो लोकांनी सहकुटुंब पाहिला.

भुतांची जनगणना

आता भुतांकडे येऊ. इंग्रजी गूढ-प्रेमकथेतली पात्रे शरीरावरून ओळखली जातात. एक रक्त पितो, एक पौर्णिमेला लांडगा होतो, एक म्हातारा होत नाही. आपली भुते कशावरून ओळखली जातात?

१९१५ साली आर. ई. एन्थोव्हेन यांनी कोकणच्या लोकसमजुतींच्या टिपणांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातला बराच मजकूर ए. एम. टी. जॅक्सन यांनी जमवलेला. १९०९ साली नाशिकला अनंत कान्हेरे यांनी गोळी घातली ते हेच जॅक्सन. त्या टिपणांतली आणि आपण आजीकडून ऐकलेली भुतांची नावे शेजारी ठेवून पाहावीत. मुंजा म्हणजे मुंज झाली पण लग्न व्हायच्या आधी मेला तो ब्राह्मणाचा मुलगा. तो पिंपळावर राहतो. अळवंत म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. हडळ तिचीच बहीण. जखीण म्हणजे नवरा जिवंत असताना मेलेली सवाष्ण. समंध म्हणजे ज्याच्या मागे वारस नाही, ज्याचा जीव धनात किंवा वाड्यात अडकला तो. आणि त्यातही ब्राह्मण असेल तर तो ब्रह्मसमंध. मेल्यावरही जात सुटत नाही.

ही यादी वाचताना लक्षात येते, की आपली भुते शरीरावरून ओळखली जात नाहीत. ती लग्नावरून, वारसावरून आणि जातीवरून ओळखली जातात. लग्न झाले होते का? मूल झाले का? नवरा होता का? जमीन कुणाला गेली? घरच्यांनी जिवंत माणसाला विचारायचे तेच प्रश्न मेलेल्यालाही विचारले आहेत. आपले भूतशास्त्र ही अपुऱ्या राहिलेल्या लग्नांची नोंदवही आहे.

असे असेल तर मराठीत गूढ आणि प्रेम यांची जोडी बाहेरून आणावी लागत नाही. ती इथल्याच मातीत आहे. 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका २०१६ साली भुताच्या नावाने सुरू झाली. पण लोकांच्या मनात राहिले ते अण्णा नाईक आणि शेवंता. पुढचा भाग तर त्या दोघांचीच पूर्वकथा सांगणारा निघाला. लोकांना भुतापेक्षा त्या संबंधात रस होता. मान्य नसलेला, वाड्याच्या मागच्या दाराने चाललेला आणि मेल्यावरही न मिटलेला असा तो संबंध. २०२४ साली आदित्य सरपोतदार यांनी दिग्दर्शित केलेल्या 'मुंज्या' या हिंदी चित्रपटातले भूत तर सरळ लग्नच मागते. त्यात ते हसण्याचा विषय झाले, हा भाग वेगळा.

इंग्रजीतही हे अगदीच अनोळखी नाही. शार्लट ब्रॉन्टेच्या 'जेन एअर'मध्ये (१८४७) मोठ्या घराच्या वरच्या मजल्यावरून रात्री हसण्याचा आवाज येतो. वाचक भूत समजतो. निघते काय, तर नायकाची पहिली, कायदेशीर बायको. त्या घरातले भूत म्हणजे विवाहाचा कायदा.

आजच्या प्रेमकादंबरीविषयी

एवढी पार्श्वभूमी सांगितल्यावर आता मते. आधी आजच्या साध्या प्रेमकादंबरीविषयी.

तिचे गुण खरे आहेत. संवाद चांगले असतात. आज पंचविशीतली माणसे जशी बोलतात, अर्धे मराठी, पाव हिंदी, पाव इंग्रजी, तशी ती पानावर बोलतात. आधीच्या पिढीच्या कादंबऱ्यांत नायिका पुस्तकी बोलायची. आताची नायिका पगाराची स्लिप पाहते, बॉसला मनात शिव्या देते, हप्ता मोजते. तिची मैत्रीण हे बहुधा पुस्तकातले सर्वांत जिवंत पात्र असते. प्रतिलिपीसारख्या मंचावर भागाभागाने लिहिणाऱ्या कित्येक जणी घरातले सगळे आवरून रात्री लिहितात, हे त्यांच्या मजकुरात दिसते. स्वयंपाकघरातली थकवा आणणारी संध्याकाळ त्यांच्याइतकी नेमकी कुणी लिहिलेली नाही. भागाभागाने लिहिल्यामुळे पाल्हाळ येतो, प्रत्येक भागाच्या शेवटी धक्का द्यावा लागतो, हे खरे. पण आपट्यांची कादंबरीही साप्ताहिकातूनच आली होती. दोष पद्धतीचा नाही.

दोष दुसरीकडे आहे. या कादंबऱ्यांतल्या बहुतेक नायक-नायिकांना आडनाव नसते. असलेच तर दोघांची आडनावे अशी निवडलेली असतात, की प्रश्नच उद्भवू नये. गाव असते, गावातली आळी नसते. नायक श्रीमंत असतो, पण जमीन कुणाची, पैसा कुठला, हे कळत नाही. मग दोघांना अडवायचे कशाने? गैरसमजाने. एक फोन न उचलल्यामुळे दीडशे पाने जातात. शेवटी नायिकेचे वडील दारात उभे राहतात, डोळे पुसतात आणि म्हणतात, तुझ्या सुखातच आमचे सुख. माझ्या वाचक मुलीला हेच खोटे वाटले होते, आणि मी या वयात तिच्याशी सहमत आहे.

मी वाचलेल्या या प्रकारच्या एकाही कादंबरीत मला विशेष विवाह कायद्याची नोटीस दिसली नाही. १९५४ सालच्या या कायद्याने नोंदणी करायची तर आधी नोटीस द्यावी लागते. ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावली जाते आणि आक्षेपांसाठी तीस दिवस थांबावे लागते. दोघांची नावे आणि पत्ते सरकारी फलकावर, आणि महिनाभर कोण येऊन वाचेल याची धाकधूक. यापेक्षा उत्कंठेची मांडणी फडक्यांच्या तंत्रालाही सुचली नसती. आणि आमच्या कादंबरीकारांना ती दिसत नाही. 'सैराट' २०१६ साली सगळ्या महाराष्ट्राने पाहिला. त्यातली गाणी प्रेमकादंबरीत आली, शेवट आला नाही.

शेवट गोड असू नये असे माझे म्हणणे नाही. गोड शेवट हा या प्रकाराचा वाचकाशी झालेला करार आहे आणि तो पाळावा. दिवसभर कारखान्यात उभे राहून आलेल्या बाईने दुःखी शेवटच का वाचावा? माझे म्हणणे इतकेच, की गोड शेवट कमवावा लागतो. वडील तयार होतात तर का होतात, त्यांना त्याची काय किंमत पडते, भाऊबंद काय बोलतात, हे दाखवले तर तो शेवट खरा वाटेल. नाही तर तो बक्षीस लागल्यासारखा वाटतो.

गूढ-प्रेमकादंबरीविषयी

गूढ-प्रेमकादंबरीच्या बाजूने सर्वांत मोठी गोष्ट ही, की तिच्यात नकार खरा असतो. एक जिवंत आहे आणि एक मेलेला. हे कुणाच्या समजुतीने सुटणारे नाही. वाचक मुलीला ते खरे वाटले, कारण तिच्या ओळखीच्या जगातले नकारही तसेच असतात, समजावून न सुटणारे. ज्या अडथळ्याचे नाव घेता येत नाही, त्याला कादंबरीत भुताचे रूप मिळते. रिसबुडांनी १८६८ साली सांगितलेली अडचण अजून संपलेली नाही, एवढाच याचा अर्थ.

पण ही कादंबरीही फसते, आणि दोन ठिकाणी फसते. पहिले म्हणजे उसनी भुते. घाटातल्या बंगल्यात गोरापान, थंड हातांचा, रक्ताला टाळणारा तरुण आणून बसवला, की त्याला इथे काही काम उरत नाही. नारायण धारपांनी स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'वरून 'लुचाई' लिहिली. पण धारपांना मराठी गाव, मराठी घर आणि देवघरासमोरची भीती माहीत होती. त्यांनी कथा आणली आणि इथल्या जमिनीत रुजवली. रत्नाकर मतकरींच्या गूढकथेत तर भीती बहुधा घरातल्याच माणसाच्या मनातून येते. नव्या लेखकांपैकी फार थोड्यांना हे साधले आहे. बाकीच्यांचे भूत भाडेकरूसारखे वाटते, कधीही सोडून जाईल असे.

दुसरे म्हणजे शेवटची पळवाट. शेवटच्या प्रकरणात शाप सुटतो, भूत माणूस होते किंवा नायकाचा पुनर्जन्म होतो, आणि तो पुनर्जन्म नेमका नायिकेच्याच जातीत आणि तिच्याच आर्थिक थरात होतो. म्हणजे तीनशे पाने जो अडथळा खरा होता, तो एका मंत्राने गेला. साध्या कादंबरीत वडील तयार होतात, इथे यमराज तयार होतो. फरक राहिला नाही.

आणखी एक तक्रार नायकाविषयी. अदृश्यपणे नायिकेच्या खोलीत उभा राहणारा, तिच्या झोपेवर पहारा करणारा, दुसऱ्या पुरुषाला तिच्याजवळ फिरकू न देणारा नायक या पुस्तकांत रक्षणकर्ता म्हणून येतो. हाच माणूस जिवंत असता तर त्याच्याविरुद्ध पोलिसांत तक्रार गेली असती. लेखिकांनी याचा विचार करावा. वाचणाऱ्या मुली करतात, असा माझा अनुभव आहे. 'हा जरा जास्तच करतो' असे त्या पुस्तक परत करताना सांगतात.

आमचे तालुके आणि त्यांची दरड

शेवटची तक्रार मात्र वैयक्तिक आहे, कारण ती आमच्या भागाची आहे. मुंबई-पुण्याच्या मधोमध असल्याने या दोन्ही प्रकारच्या कादंबऱ्या आमच्याकडे फार येतात. प्रेमिकांना घराबाहेर काढायचे, पण फार लांब न्यायचे नाही, तर कर्जतचे फार्महाऊस, माथेरानची लाल वाट किंवा बोरघाटातला पाऊस सोयीचा पडतो. मुंबईहून कर्जत लोकल दोन तासांत पोचते. तेवढ्यात प्रकरण बदलते.

या पुस्तकांत इथे राहणारा माणूस दोनच कामे करतो. तो बंगल्याचा रखवालदार असतो किंवा 'तिकडं जाऊ नका' असे सांगून नाहीसा होणारा आदिवासी म्हातारा असतो. ठाकर आणि कातकरी वाड्यांतली माणसे कुठे कामाला जातात, पोरे शाळेला किती चालतात, त्यांच्या पोरापोरींची लग्ने कशी जमतात, त्यांचे देव कोणते, भीती कोणती, हे कुणी विचारत नाही. आमच्या भागातल्या प्रेमकथेत आमच्या भागातल्या माणसांचे प्रेम नाही.

आणि मग दरड. प्रेमिकांना रात्रभर एका छपराखाली ठेवायचे असेल तर घाटात दरड कोसळते आणि रस्ता बंद होतो. हा प्रसंग मी इतक्या पुस्तकांत वाचला, की त्याचे काही वाटेनासे झाले होते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळगडाखालच्या इर्शाळवाडीवर डोंगर आला. ठाकरांची वाडी, वर जायला फक्त पायवाट, यंत्रे नेता येईनात. सत्तावीस मृतदेह मिळाले. सत्तावन्न जण बेपत्ता राहिले आणि शोध थांबवावा लागला. त्यानंतर एका कादंबरीत मी तोच प्रसंग पुन्हा वाचला. बाहेर दरड कोसळल्याचा आवाज येतो, ती घाबरून त्याला बिलगते. मी पुस्तक मिटले. लेखिकेची काही चूक नव्हती. पुस्तक कदाचित आधीचे असेल. पण ज्या आवाजाखाली वाडी गेली, तो आवाज माझ्यासाठी आता प्रेमप्रसंगाचे पार्श्वसंगीत राहिलेला नाही.

दरडीवर कुणी लिहू नये, असे मी म्हणत नाही. उलट, आपले भूतशास्त्र सांगते की अपुरे राहिलेले परत येते. त्या अर्थाने इथे गूढ-प्रेमकादंबरीसाठी खरा विषय आहे. मात्र ती लिहिणाऱ्याने त्या वाटेने एकदा वर चढून जावे आणि जे मागे राहिले त्यांच्याशी बोलावे. मेलेल्यांना नावे असतात, हे लक्षात ठेवून लिहिलेली कादंबरी आमचे वाचनालय आनंदाने घेईल.

पुन्हा टेबलाशी

मला स्वतःला कुठला प्रकार आवडतो, असे विचाराल तर गूढ-प्रेमकादंबरी, तिच्या सगळ्या दोषांसकट. ती निदान मान्य करते, की काही दारे ठोठावून उघडत नाहीत. साधी प्रेमकादंबरी मात्र ज्या दिवशी आडनाव, आळी, सातबारा आणि नोटिशीचा फलक यांना पानावर जागा देईल, त्या दिवशी तिला भुताची मदत लागणार नाही आणि माझे मतही बदलेल. मराठीत हे अशक्य नाही. नव्वद वर्षांपूर्वी एका बाईने ते केले होते.

म्हणून त्या मुलीला मी नंतर 'हिंदोळ्यावर' दिली. तिने पुस्तक महिनाभर ठेवले आणि उशिराचा दंड न कुरकुरता भरला.

"काका, हे इतकं जुनं आहे, पण यात कुणी उगाच तयार होत नाही. भूतपण नाही. तेव्हा हे छापलं कसं?"

मी तिला टोपणनावाची हकिकत सांगितली. लिहिणारी खरी होती, नाव तेवढे खोटे होते. तिने थोडा वेळ विचार केला. मग पुस्तकांच्या रांगेकडे पाहत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही मागे त्या नोटिशीचं सांगत होता. ती किती दिवस लावतात?"

"तीस," मी म्हटले.

तिने तेच पुस्तक पुन्हा आपल्या नावावर घ्यायला सांगितले. मी तारीख टाकली आणि पुस्तक तिच्या हातात दिले.